इंजिन उघडण्याआधी

कोल्हापुरात जुन्या डिझेल गाडीचं इंजिन उघडणं फार सोपं आहे. शिवाजी उद्यमनगरात किंवा शेजारच्या वाय. पी. पोवार नगरात शिरलं की बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग अशी सगळी कामं चालत जाण्याच्या अंतरावर होतात. शिरोलीला मेनन पिस्टन्समध्ये पिस्टन बनतात, गोकुळ शिरगावात मेनन बेअरिंग्जमध्ये बेअरिंग आणि बुश, तर कागलच्या पंचतारांकित वसाहतीत किर्लोस्कर ऑईल इंजिन्सच्या कारखान्यात अख्खी डिझेल इंजिनं तयार होतात. नदीकाठावर पाणी उपसणाऱ्या ऑईल इंजिनांनी इथला ऊस वाढवला आणि त्या इंजिनांच्या दुरुस्तीतून इथला कारागीर घडला. वीस ओव्हरसाइजचा पिस्टन कसा बसवायचा, हे इथल्या पोरांना कॉलेजात जायच्या आधी माहीत असतं.

हे या गावाचं मोठं बळ आहे, पण त्याचा एक तोटाही मला सतत दिसतो. काम इतकं हाताशी आहे की तपासणीला कुणी थांबत नाही. दहा-बारा वर्षांची स्विफ्ट किंवा इंडिका सकाळी सुरू व्हायला त्रास देते, पन्हाळ्याच्या चढावर दम तोडते, मागे धूर सोडते. मिस्त्री आवाज ऐकतो, ऑईलचं झाकण काढून बघतो आणि म्हणतो, "इंजिनाचं काम आलंय बघा, साहेब." संध्याकाळपर्यंत हेड खाली उतरलेलं असतं. कधी त्याचं निदान बरोबर निघतं. पण कित्येकदा रिंगा नव्या, बेअरिंग नवी, गॅस्केट नवं आणि गाडी पुन्हा तशीच, कारण दोष नोजलमध्ये किंवा एखाद्या चिरलेल्या पाइपमध्ये होता. इंजिन झिजलं आहे की नाही हे मोजता येतं, आणि हेडच्या बोल्टला पाना लावण्याआधी ते मोजलं गेलंच पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

वेगवेगळ्या रोगांची लक्षणं सारखी का दिसतात, हे डिझेल इंजिनाच्या कामातच दडलेलं आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. ठिणगी नाही, स्पार्क प्लग नाही. हवा आत घ्यायची, ती मूळच्या आकारमानाच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्यात दाबायची आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारायचं. तीस अंशांची हवा अठरा पट दाबली की तिचं तापमान साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या घरात जातं. डिझेल सव्वादोनशेच्या आसपास स्वतःहून पेट घेतं. एवढी जास्तीची उष्णता लागते, कारण फवाऱ्यातल्या थेंबांची वाफ होऊन ती हवेत मिसळायला आणि पेटायला सेकंदाचे काही हजारावे भागच मिळतात. म्हणजे पुरेशी हवा, तिचा पुरेसा दाब आणि डिझेलचा बारीक, वेळेवर आलेला फवारा, एवढ्या तीन गोष्टींवर सगळं चालतं. तिन्हींपैकी कुठलीही एक कमी पडली तरी बाहेर एकच तक्रार दिसते: सुरू होत नाही, ओढत नाही, धूर सोडते. झीज फक्त मधल्या गोष्टीला, दाबाला, धक्का लावते. उरलेल्या दोन्हींसाठी इंजिन उघडावं लागत नाही.

सकाळच्या सुरू होण्यापासून पाहू. सेल्फ मारल्यावर इंजिन किती वेगाने फिरतं, याकडे कुणी लक्ष देत नाही. मिनिटाला अडीचशे फेऱ्यांऐवजी दीडशेच होत असतील, तर दबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायला आणि थंड भिंतींना उष्णता द्यायला जास्त वेळ मिळतो. ठणठणीत रिंगा असलेलं इंजिनही मग पेटत नाही. बॅटरी, तिची टर्मिनल, अर्थिंगची पट्टी आणि सेल्फचे कार्बन हे आधी. त्यानंतर हीटर प्लग. १९९८च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर नव्हे तर हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खातात, म्हणून हे इंजिन हीटर प्लगशिवाय थंडीत हटून बसतं. चारातला एक प्लग मेला तरी पहिलं मिनिटभर इंजिन थरथरतं आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सोडतं, मग नीट चालतं. या एका मिनिटावरून 'रिंगा गेल्या' असा निकाल देणं अन्यायाचं आहे. मल्टिमीटरने चारही प्लगांचा रोध बघायला दहा मिनिटं पुरतात.

तिसरी शक्यता म्हणजे डिझेलच्या लाइनला हवा धरणं. रात्रभर गाडी उभी राहिली की टाकीकडून येणाऱ्या पाइपातलं डिझेल एखाद्या बारीक चिरेमुळे मागे उतरतं आणि सकाळी पंपाला हवाच मिळते. याची खूण सोपी आहे. सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर घट्ट होईपर्यंत दाबावा. गाडी लगेच सुरू झाली, तर कॉम्प्रेशनचा काही संबंध नाही. फिल्टरपुढे हातभर पारदर्शक पाइप जोडून बघितला तर बुडबुडे डोळ्यांनीच दिसतात. पावसाळ्यात फिल्टरच्या बुडाशी साचणारं पाणीही असाच घोटाळा करतं, आणि ते काढायला खाली स्क्रू दिलेलाच असतो.

धुराचा रंग सगळेच बघतात, पण त्याचा अर्थ घाईने लावतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोंदलाय, इंटरकूलरचा रबरी पाइप घडीत फाटलाय, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकलाय, नोजल फवाऱ्याऐवजी धार सोडतंय, यांपैकी काहीही असू शकतं. नुसत्या काळ्या धुरावरून झिजलेल्या रिंगा ठरवणारा मनुष्य चुकीच्या वाटेवर आहे. पांढरा धूर डिझेलच्या उग्र वासाचा असेल तर ते न जळलेलं डिझेल. गोडसर वासाचा असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये येतंय. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पण ते आत आलं कुठून? रिंगांवरून, व्हॉल्व्हच्या सीलमधून की टर्बोतून? टर्बोच्या आधीचा आणि नंतरचा पाइप काढून बघावा. आत ऑईलचा पातळ थर असणं नेहमीचं आहे. पाइपात थारोळं साचलं असेल तर टर्बोचं सील संशयित, आणि मग रिंगा बदलून धूर थांबणार नाही.

धुराचा आकडाही तुमच्या घरात पडलेला असतो. पीयूसीच्या वेळी डिझेल गाडीला अॅक्सिलरेटर देऊन धुराची घनता मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्टरिज एककांची, बीएस-४ गाड्यांना ५० ची. पास की नापास एवढं बघून लोक तो कागद ठेवून देतात. प्रामाणिकपणे नळी लावून घेतलेली मागची तीन-चार प्रमाणपत्रं शेजारी ठेवली, तर आकडा हळूहळू चढलाय की एकदम उसळलाय ते कळतं. झीज सावकाश चढते. एकदम उसळी आली तर एखादा भाग बिघडलाय.

आता 'बॅक कॉम्प्रेशन'. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढलं की भसाभस वाफ येते आणि मालकाचा चेहरा पडतो. पिस्टन आणि बोअर यांच्यामधून थोडे वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतात, ते नव्या इंजिनातही. ते बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवावं. ते जागच्या जागी हलत राहिलं तर घाबरायचं कारण नाही. उडून पडत असेल, धापा टाकल्यासारखी वाफ येत असेल आणि डिपस्टिक वर सरकत असेल, तर दाब खरंच जास्त आहे. तरीही आधी ब्रीदरची नळी काढून साफ करावी. ती काजळीने बुजली असेल तर चांगल्या इंजिनातही दाब साठतो, टर्बोमधून खाली येणारं ऑईल अडतं आणि टर्बो निळा धूर सोडू लागतो. एका नळीमुळे रिंगा आणि टर्बो दोघांवरही आळ येतो.

हा दाब खरंच वाढलेला असेल तर गाडी फार दामटू नये. ब्रीदरमधून आणि टर्बोतून जास्त ऑईल हवेच्या मार्गात गेलं, तर इंजिन त्या ऑईलवरच पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आवाज वाढतच जातो. गिअरची गाडी असेल तर टॉप गिअर टाकून, ब्रेक गच्च दाबून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावं. ते जमलं नाही तर लांब उभं राहावं. हवेच्या तोंडावर हात धरू नये.

ऑईलबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. डिझेल गाडीचं ऑईल बदलल्यावर काही दिवसांत काळं होणं हा दोष नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बघायची ती पातळी. हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल संपत असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल, तर इंजिन ऑईल पितंय. पातळी उलट वाढत असेल तर ऑईलमध्ये डिझेल उतरतंय, आणि ते जास्त घातक आहे, कारण पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला सांभाळत नाही. ऑईल दुधट दिसलं तर पाणी.

एवढं सगळं बघून झाल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट. ही कशी होते ते मालकानेही जवळ उभं राहून बघावं. इंजिन गरम करून घेतात, बॅटरी पूर्ण भरलेली असते, डिझेलचा पुरवठा बंद करतात आणि चारही हीटर प्लग काढतात. प्लग काढताना घाई चालत नाही. वर्षानुवर्षं काजळीत रुतलेला प्लग हेडमध्येच तुटला तर तुकडा काढण्यासाठी हेड उतरवायची पाळी येते. म्हणून गरम इंजिनात, भेदक तेल सोडून, मागे-पुढे करत तो सोडवतात. मग एका सिलिंडरच्या भोकात गेज बसवून सेल्फ मारतात. पेट्रोल गाडीचा गेज इथे कामाचा नाही, कारण त्याचा काटा वीस बारच्या आसपासच संपतो. डिझेलसाठी सत्तर बारपर्यंतचा वेगळा गेज लागतो.

काटा कसा चढतो हे शेवटच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. पहिल्याच दाबाला काटा मोठी झेप घेऊन दोन-तीन दाबांत वर स्थिर झाला, तर सिलिंडर चांगला. पहिल्या दाबाला थोडा, मग प्रत्येक दाबाला थोडा-थोडा चढत राहिला, तर रिंगांतून गळती. खालीच राहिला आणि चढेचना, तर बहुधा व्हॉल्व्ह. बहुतेक कार इंजिनांत २८ ते ३२ बार हे तब्येतीचं लक्षण धरतात आणि विसाच्या आसपास घसरलं की झीज मान्य करावी लागते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचा. चार सिलिंडरांत आपसात तीन-चार बारपेक्षा जास्त फरक नको.

चार आकडे हातात आले की ते एकत्र वाचायचे. चारही सारखेच कमी आले तर लगेच झीज म्हणू नये, कारण चार सिलिंडर सहसा इतके जोडीने झिजत नाहीत. सेल्फ हळू फिरत होता का, हवेचा मार्ग बंद होता का, टायमिंग हललं का, ते आधी. फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेट इंजिनात, म्हणजे मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरमधल्या डीडीआयएसमध्ये, टायमिंग चेन ताणली गेली की सुरू होताना खुळखुळ आवाज येतो आणि व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी मिटू लागतात. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर मधलं हेड गॅस्केट जळालेलं असू शकतं. एकच कमी आला तर त्याच सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रिंग किंवा पिस्टन.

एकट्या कमी सिलिंडरचं एक कारण या जिल्ह्यात विसरून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत पंचगंगेचं पाणी घरांत आणि पार्किंगमध्ये शिरलं. पाण्यातून गाडी काढताना हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर पिस्टन वर येताना अडतो, कारण पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. इंजिन साफ करून, ऑईल बदलून गाडी पुन्हा चालू होते, वर्षानुवर्षं चालतेही. पण वाकलेल्या रॉडमुळे पिस्टन पूर्वीइतका वर पोचत नाही, दाबाची जागा वाढते आणि कॉम्प्रेशन पडतं. ऑईल जळत नाही, बॅक कॉम्प्रेशन नाही, तरी एक सिलिंडर कायम अशक्त. नव्या रिंगा टाकून हा सिलिंडर कधीच सुधारणार नाही. सेकंडहँड गाडी घेताना सीटच्या रेल्सवरचा आणि बेल्टच्या मुळाशी राहिलेला चिखलाचा थर म्हणूनच बघायचा.

गळती कुठून होते हे जाणायला लीक टेस्ट हा सर्वांत सुंदर प्रकार आहे, आणि कम्प्रेसर तर प्रत्येक गॅरेजात असतो. कमी आलेल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना क्रँक फिरणार नाही असा अडकवायचा आणि हीटर प्लगच्या भोकातून हवा सोडायची. मग ऐकायचं. ऑईलच्या झाकणातून फुस्स आवाज आला तर रिंगा आणि बोअर, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा तडा. पेट्रोल इंजिनात रिंग की व्हॉल्व्ह हे ओळखायला सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा कॉम्प्रेशन घेतात. डिझेलमध्ये तो प्रकार करू नये. पिस्टन आणि हेड यांच्यातली जागा इतकी थोडी असते की ऑईलनेच आकडा फुगतो, आणि जास्त पडलं तर रॉडला धोका.

कॉम्प्रेशन चांगलं आलं आणि तरी इंजिन मिसिंग करतंय, तर नोजल. जुन्या सुमो किंवा इंडिकात चालू इंजिनावर एकेका नोजलच्या पाइपाचा नट ढिला करून बघायची पद्धत आहे. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, तो दोषी. तिथे नोजल शंभर-दीडशे बारला उघडतं. सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेल इंजिनात हे कधीही, कुठल्याही परिस्थितीत करू नये. तिथे पाइपात चौदाशे ते सोळाशे बारपर्यंत दाब जातो आणि त्या दाबाची केसासारखी बारीक धार कातडी भेदून डिझेल मांसात सोडते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. अशी इजा झाली तर दुखत नसलं तरी त्याच तासाला सर्जनकडे जायचं. कॉमन रेलमध्ये स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची इंधन-दुरुस्ती बघतात, किंवा चार इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन चालवतात. एकच बाटली भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय, रेलचा दाब धरत नाही आणि गरम इंजिन सुरू व्हायला छळतोय.

या सगळ्यातून गेल्यावरही आकडे झीजच सांगत असतील, तर ती मान्य करावी. बाटलीतल्या कुठल्याही द्रवाने खरवडलेला बोअर भरून येत नाही. तेव्हा उद्यमनगराचं खरं मोल कळतं. हेड काढल्यावर बोअरच्या वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग थांबते, तिथे नख फिरवून बघा. नख अडकेल अशी कड लागली तर झीज बोटाला कळते. सर्वांत जास्त झीज तिथेच होते, कारण तिथे दाब आणि उष्णता सर्वाधिक आणि ऑईल सर्वांत कमी. बोअरवर होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात, त्यांच्यात ऑईल टिकतं. त्या स्पष्ट दिसत असतील तर बोअर अजून जिवंत आहे. आरशासारखा चकचकीत बोअर बघून खूश होऊ नये, तो घासून गेलेला असतो. नजरेवर न थांबता डायल बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजून घ्यावं. बोअर लंबगोल झाला असेल तर नुसत्या रिंगा टाकून काही महिन्यांत तोच धूर परत येईल. तिथे बोअर वाढवणं किंवा स्लीव्ह घालणं हाच उपाय. 'हाफ इंजिन' की 'फुल' हे या मापावर ठरावं, पाकिटावर नाही.

हेड फेसिंगला पाठवताना एक प्रश्न जरूर विचारावा. बऱ्याच डिझेल इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर येतो. तो किती वर येतो हे डायल गेजने मोजून त्याप्रमाणे गॅस्केटची जाडी निवडतात आणि ती गॅस्केटच्या कडेला खाचांनी किंवा भोकांनी दर्शवलेली असते. जुन्या गॅस्केटवर किती खाचा होत्या? नवं त्याच जाडीचं आणलं की दुकानात मिळालं ते? चुकीच्या जाडीने नव्या इंजिनाचंही कॉम्प्रेशन पडतं.

आणि बोअर झिजला कशाने, हे शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. एअर फिल्टरनंतरचा पाइप काढून आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर धूळ आली तर फिल्टर कितीही नवा असला तरी हवा त्याला टाळून, ढिल्या क्लिपमधून किंवा चिरलेल्या रबरातून आत जातेय. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीत ती धूळ रोज जाते, आणि वाळूचे ते कण रिंग आणि बोअर यांच्यामध्ये सापडून दोघांनाही घासतात. ती क्लिप आणि तो पाइप बदलून, नव्या इंजिनाची पहिल्या हजार किलोमीटरनंतरची चार सिलिंडरांची कॉम्प्रेशनं त्याच गेजवर घेऊन सर्व्हिसच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावीत.